हवालदारांनी शेपूट अडवलं

हवालदार निवृत्त झाले, पण त्यांचा उजवा हात काही निवृत्त झाला नाही.

शहरातल्या सगळ्यात मोठ्या चौकात उभं राहून त्यांनी उभं आयुष्य काढलं होतं. तो हात वर गेला की बस थांबायची, ट्रक थांबायचा, साहेबाची गाडी थांबायची आणि आतला साहेबही बोलता बोलता थांबायचा. एकदा म्हणे एका सुताराच्या हातगाडीवरून दाराची फळी वाऱ्यानं उडाली. हवालदारांनी हात केला तशी ती हवेतच थबकली आणि शिट्टी वाजल्यावरच खाली आली. हे बघणारी माणसं अजून हयात आहेत. एकाच्या तर कपाळावर खूण आहे.

असा हात घरी बसवून ठेवायचा म्हणजे अवघडच. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्या मधल्या दारात हवालदार उभे राहत आणि आधी मांजराला सोडत, मग बायकोला. मांजर ऐकायचं. बायको ऐकत नसे. ती जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवून घरी बसलेली. अख्खं शहर तिला 'बाई' म्हणायचं, आणि बाईंनी आयुष्यात कुणाचं ऐकलं असेल तर ते फक्त मधल्या सुट्टीच्या घंटेचं.

घरात भांडणाला विषय एकच होता. मोटरसायकल.

हवालदारांची मोटरसायकल साइडकारवाली, जुनी, भक्कम, म्हशीसारखी काळी. अंगण नाही, शेड नाही, म्हणून ती बाहेरच्या खोलीत उभी असायची. तिच्या पोटाखाली गळणाऱ्या तेलासाठी एक जुनं ताट. हँडलवर टॉवेल वाळायचे. पाहुणे आले की एक जण खुर्चीवर आणि एक साइडकारमध्ये. दर रविवारी हवालदार तिला पुसत, इंजिन सुरू करत, घरभर धूर करत आणि बंद करत. बाहेर मात्र ती कधी गेली नाही. नोकरी होती तोवर रविवार सोडून बाकी दिवस चौकात ड्यूटी, आणि रविवारी पुसण्यातच दिवस जायचा.

शेवटी एके दिवशी बाईंचा संयम सुटला.

"अहो, मी भंगारवाल्याला सोमवारी बोलावलंय," त्या म्हणाल्या. "गाडी जाईल आणि तिथे दिवाण येईल. म्हातारपणी पाठ टेकायला जागा नको?"

"अगं, ही गाडी आहे! भंगार कसली?"

"जाते ती गाडी. ही बसते. मग दिवाण काय वाईट?"

हवालदारांचा हात आपोआप वर गेला.

"तो हात खाली घ्या. आणि ऐका. जगाला रस्ते दाखवलेत, मला एक तरी दाखवलात का? घाटमाथ्यावरून पलीकडचा समुद्र दिसतो म्हणे. आमच्या शाळेतल्या शिपायाच्या सासूनंसुद्धा बघितलाय. या गाडीतून मला तिथे न्या. समुद्र बघितला, तर गाडी जन्मभर इथे राहील, मी उभ्यानं झोपेन. नाही बघितला, तर सोमवार."

आता योग असा की त्याच रविवारी घाटातून मोटरसायकलींची रॅली निघणार होती, आणि रॅलीचा म्होरक्या होता बाईंचा धाकटा भाऊ. हा दातांचा डॉक्टर. आठवडाभर लोकांची तोंडं उघडायची आणि रविवारी स्वतःचं. रॅलीत त्याला सगळे कॅप्टन म्हणत. बाई बाळ्या म्हणत.

"दाजी, तुम्ही?" ताईकडून पैज कळल्यावर कॅप्टन हसला. "घाटात चौक नसतात हो. करमेल का?"

"तू तुझी दाढ सांभाळ," हवालदार म्हणाले.

रविवारी सकाळी शहराबाहेरच्या पेट्रोल पंपावर गाड्यांचा थवा जमला. कॅप्टननं एका डब्यावर उभं राहून नियम सांगितले. रॅलीत नकाशा नसायचा, फोन बघायचा नसायचा. सगळी भिस्त एका जुन्या पद्धतीवर. म्होरक्या पुढे. जिथे रस्त्याला फाटा फुटेल तिथे म्होरक्याच्या लगेच मागे जो असेल त्यानं थांबायचं आणि हात करून बरोबर रस्ता दाखवत उभं राहायचं. त्याला म्हणायचं खुंटी. सगळ्यात मागे असायचा एक ठरलेला गडी, पाठीला लाल फडकं बांधलेला. त्याला म्हणायचं शेपूट. शेपूट पुढे गेलं की खुंटी सुटली, तिनं गाडीवर बसून शेपटाला ओलांडायचं आणि पुन्हा रांगेत यायचं. पुन्हा फाटा, पुन्हा नवी खुंटी. अशानं कुणी चुकत नाही.

आज शेपूट होता बेकरीवाला. मऊ, गोल, सावकाश माणूस. घाई केली तर पाव बसतो, हे त्याचं तत्त्वज्ञान.

"आणि एक लक्षात ठेवा," कॅप्टन शेवटी म्हणाला. "दुपार झाली की खालून ढग चढतात आणि माथा बुजून जातो. समुद्र बघायचा असेल तर दुपारच्या आत वर. मी कुणासाठी थांबणार नाही. ताई, ऐकलंस ना?"

"मला काय सांगतोस," बाई हेल्मेटचा पट्टा आवळत म्हणाल्या. "यांना सांग."

पण हवालदारांचं लक्ष नव्हतं. त्यांच्या मनात 'खुंटी' हा शब्द घोळत होता. फाट्यावर उभं राहायचं. हात करायचा. लोकांनी त्या हाताकडे बघून जायचं. आणि हे पुण्याचं काम करायला माणसं का कू करतात, त्यांना कळेना. कारण खरंच, खुंटी व्हायला कुणी राजी नसे. उन्हात ताटकळत कोण उभं राहणार? म्होरक्याच्या मागची जागा येतेय असं दिसलं की भले भले वीर बुटाची नाडी बांधायला थांबत.

घाट सुरू झाला. रस्ता म्हणजे डोंगरानं काढून फेकलेला पट्टाच. डावीकडे वळला, उजवीकडे वळला, स्वतःचीच शेपटी हुंगून पुन्हा वर गेला. काही वळणं इतकी गोल होती की पुढचा माणूस मागच्याला नमस्कार करून जायचा. डावं वळण आलं की साइडकारचं चाक जमिनीवरून सुटायचं, आणि बाई सगळं अंग बाहेर टाकून ते खाली बसवायच्या. दोनचार वळणांतच त्यांना ते साधलं. पुढे पुढे तर त्या वळण यायच्या आधीच कलायच्या आणि गाडी नाइलाजानं त्यांच्या मागून वळायची.

"अहो, तो धबधबा बघा! दुधासारखा!"

"कठडा नाहीये तिथे," हवालदार म्हणाले.

"आणि ती दरी! केवढी हिरवी!"

"पुढे अरुंद पूल. पाटी गंजलेली. कुणाची हद्द आहे कोण जाणे."

पहिला फाटा आला तेव्हा म्होरक्याच्या मागे असलेल्या गरगरीत पोटाच्या सोनारानं गाडीचा वेग मुद्दाम कमी केला. त्याचा वेग कमी झाला आणि हवालदारांचा वाढला. म्हशीसारखी गाडी सशासारखी पुढे आली आणि कॅप्टनच्या मागे जाऊन टेकली.

"अहो, हे काय? थांबताय कशाला?"

"खुंटी आहे मी, अगं! शेपूट येईपर्यंत थांबावंच लागतं."

ते उतरले, फाट्याच्या बरोबर मधोमध उभे राहिले, पोट आत घेतलं आणि हात केला. काय तो हात! सगळी रॅली त्या हाताखालून सुतासारखी सरळ गेली. शेवटी बेकरीवाला गेला. बाईंनी डब्यातला एक लाडू खाल्ला. एक फाटा ठीक आहे, माणसाची हौस असते.

दुसऱ्या फाट्याआधी हवालदारांनी अख्खी रॅली ओलांडली. कशी, ते विचारू नका. एका वळणावर तर म्हणे साइडकार रस्त्यावर नव्हतीच, बाईंनी झाडावरचं पिकलं फळ तोडलं आणि मग ती खाली आली. पुन्हा कॅप्टनच्या मागे. पुन्हा खुंटी.

"अहो, दुपार होत आलीय."

"हा शेवटचा, अगं."

"तुमचा शेवटचा मला माहीत आहे. निवृत्तीच्या दिवशीसुद्धा चौकातून तुम्हाला फूलहारासकट ओढून आणलंय मी."

तिसरा फाटा माथ्याच्या ऐन खाली होता. एक रस्ता खालून येणारा, एक माथ्यावर जाणारा, एक डोंगराच्या कुशीतून लाकडाच्या वखारीकडे गेलेला. मध्ये मैलाचा दगड आणि बाजूला एक बंद टपरी. या जागेवरून दिवसभरात जेवढी वाहनं जात, तेवढी हवालदारांच्या चौकात एका शिंकेत जात. कॅप्टन भुर्रकन वर गेला. आणि मागे कोण होतं, हे आता सांगायला नको.

पण हा फाटा बघून हवालदारांच्या छातीत काहीतरी हललं. तीन तोंडं! आधीच्या दोन फाट्यांवर नुसता रस्ता दाखवायचा होता. इथे नियंत्रण करायला वाव होता. त्यांनी खिशातून शिट्टी काढली.

आधी त्यांनी रॅलीलाच अडवलं. वखारीच्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तरी त्या न आलेल्या वाहनांना त्यांनी रीतसर वाट दिली आणि मग रॅली तुकड्या तुकड्यांनी सोडली. सोनार म्हणाला, "हवालदार, कुणी येत नाहीये हो तिकडून!"

"येत नाही म्हणून तर मोकळं आहे. आलं असतं म्हणजे?"

सोनार गेला. सगळे गेले. उरला बेकरीवाला. तो लाल फडकं फडफडवत सावकाश वळणावरून वर आला, आणि नेमका त्याच वेळी वखारीच्या रस्त्यानं ओंडक्यांनी भरलेला ट्रक आला.

हवालदारांचा हात वर गेला. शेपूट थांबलं.

मग त्यांनी ट्रकला खूण केली, पण तेवढ्यात माथ्यावरून बस उतरली, म्हणून दुसऱ्या हातानं ट्रक थांबवला. बसला सोडावं तर बसच्या पुढ्यात डोंगरावरून मेंढरं उतरली, त्यांच्यामागे काठी घेतलेली धनगरीण. हवालदारांनी मेंढरांना शिट्टी मारली. शिट्टीचं मेंढरांना काही सोयरसुतक नव्हतं. ती बसच्या खाली शिरली, ट्रकच्या चाकांमधून फिरली, आणि एक कोकरू साइडकारमध्ये चढून बाईंच्या मांडीवर बसलं.

बघता बघता अशी कोंडी झाली की तशी त्यांच्या चौकातही कधी झाली नव्हती. ट्रक तिरका, बस आडवी, मध्ये लोकरीचा समुद्र. बसमधले प्रवासी खाली उतरून सल्ले देऊ लागले.

"मामा," ट्रकवाला खिडकीतून म्हणाला, "रोज या वळणावर मी बसवाल्याला हात करतो, तो मला करतो, आणि आम्ही जातो. आज पहिल्यांदाच त्याचं तोंड नीट बघितलं."

"कसं आहे?" बसवाल्यानं विचारलं.

"हात बरा होता."

धनगरीण काठी आपटत म्हणाली, "अहो दादा, तुम्ही बाजूला व्हा, माझी मेंढरं शहाणी आहेत."

"शिस्त लागते, मावशी, शिस्त!" हवालदार ओरडले. घाम डोळ्यांत उतरत होता, पण चेहऱ्यावर जे तेज आलं होतं ते निवृत्तीनंतर कुणी पाहिलं नव्हतं.

बेकरीवाल्यानं गाडीचं इंजिन बंद केलं. त्याच्या मनात मघापासून काहीतरी फुगत होतं, ते आता वर आलं.

"हवालदार, एक विचारू? मी शेपूट. मी गेलो की तुम्ही सुटणार. बरोबर?"

"बरोबर."

"आणि कोंडी सुटली की तुम्ही मला सोडणार."

"अर्थात!"

"आणि तुम्ही आहात तोवर ही कोंडी काही सुटत नाही." त्यानं एक मेंढरू पायावरून हलक्या हातानं बाजूला केलं. "म्हणजे आपण दोघं आता इथलेच. मी म्हणतो, त्या टपरीत बेकरी टाकतो."

प्रवासी हसले. हवालदार हसले नाहीत. त्यांनी बाईंकडे बघितलं.

बाई एव्हाना भडकायला हव्या होत्या. भडकलेल्या बाई हवालदारांना पाठ होत्या. अशा वेळी मान खाली घालायची आणि चपलांकडे बघायचं. पण बाई शांत होत्या. कोकराच्या पाठीवरून हात फिरवत त्या दरीकडे बघत होत्या. दरीच्या तळाशी कापसाच्या पेळूसारखा पांढरा ढग उठला होता आणि वळणावळणानं रस्ता धरल्यासारखा वर येत होता.

"बाई," हवालदार दबकत म्हणाले, "म्हणजे, अगं..."

"सोमवार," बाई म्हणाल्या. एवढंच.

हवालदारांच्या डोळ्यांपुढे बाहेरची खोली आली. ताट उचललेलं, तेलाचा डाग घासलेला, आणि जिथे काळी गाडी उभी असायची तिथे फुलाफुलांच्या चादरीचा दिवाण. त्यावर ते स्वतः बसलेले. पुसायला काही नाही.

त्यांनी हात खाली घ्यायचं ठरवलं.

ठरवणं सोपं होतं. हात येईना. आजवर चौक मोकळा झाल्याशिवाय तो कधी खाली आला नव्हता. त्याला ती वाटच माहीत नव्हती. त्यांनी दुसऱ्या हातानं तो धरला आणि ओढला. खांद्यातून गंजलेल्या फाटकासारखा असा काही आवाज निघाला की बसमधलं एक तान्हं मूल रडायला लागलं आणि मेंढरं कान टवकारून गप्प झाली. हात खाली आला. हवालदारांना वाटलं, आता डोंगर कोसळेल.

"तुम्ही निघा," ते बेकरीवाल्याला म्हणाले. आवाज अगदी बारीक होता.

बेकरीवाला मेंढरांतून लोण्यातून सुरी जावी तसा गेला. हवालदारांनी शिट्टी खिशात टाकली, बाईंच्या मांडीवरचं कोकरू धनगरणीला दिलं आणि किक मारली. तेवढ्या वेळात मागे काय झालं? ट्रकवाल्यानं ट्रक जरा मागे घेतला. बसवाल्यानं त्याला हात केला. धनगरणीनं जिभेनं एक आवाज काढला आणि सगळी मेंढरं एका रांगेत डोंगराला लागली. गाडीनं दुसरा गिअर घेईपर्यंत आरशात तो फाटा पूर्ण मोकळा दिसत होता, मैलाचा दगड आणि बंद टपरी.

हवालदारांचा वेग नकळत कमी झाला. डोळे आरशातून निघेनात.

"माझ्याशिवाय..." ते पुटपुटले.

"पुढे बघा," बाई म्हणाल्या, पण पहिल्यासारखं टोचून नाही. आणि डावं वळण होतं म्हणून त्या बाहेर झुकल्या.

मग मात्र गाडी जी सुटली! मागून ढग, पुढे माथा. ढग एका वळणावर गाडीच्या मागच्या दिव्याला लागायचा आणि पुढच्या वळणावर गाडी निसटायची. बाई ओरडायच्या, "चला, चला, आला आला!" एका सरळ पट्ट्यात दोघंही पुढे होते, ढग हातभर मागे. पण ढगाला वळणं घ्यावी लागत नाहीत. तो सरळ चढला.

माथ्यावर पोचले तेव्हा सगळं पांढरं. कठड्याच्या पलीकडे जग संपलं होतं. फोटो काढून झाला होता, रॅली हेल्मेटं चढवत होती. कॅप्टन घड्याळाकडे बघत उभा होता.

"शेपटाच्याही मागे!" तो म्हणाला. "दाजी, असं आजवर कुणाला जमलं नाही. बेकरीवाल्यानं सांगितलं सगळं." मग बहिणीकडे वळून म्हणाला, "ताई, वाईट वाटतं ग. पण ठरलं म्हणजे ठरलं. उद्या भंगारवाला आला की गाडी ढकलायला मी येऊ का?"

बाई उतरल्या. हेल्मेट काढून केस सारखे केले आणि कठड्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. हवालदार त्यांच्या मागे गेले. समोर ढग, नुसता ढग, आणि तो हलायचं नाव घेत नव्हता. हवालदारांचा हात शिवशिवला. कोपरापर्यंत आला. चला, चला, पुढे चला, असं म्हणायला बोटं उघडलीसुद्धा.

"राहू द्या," बाई समोर बघत म्हणाल्या. "त्याचं तो जाईल."

हवालदारांनी हात खिशात घातला. दुसराही घातला. आयुष्यात पहिल्यांदाच ते एका ठिकाणी काहीही न करता उभे राहिले, आणि काही न करता उभं राहिलं की मान कुठे ठेवायची हे ठाऊक नसल्यानं त्यांनी ती खाली घातली.

बराच वेळ गेला. कॅप्टननं दोनदा हॉर्न वाजवला.

"दिसला," बाई एकदम म्हणाल्या.

"कुठे?" हवालदारांनी मान झटकन वर केली. समोर पांढरं.

"गेला. एवढंसं भोक पडलं होतं ढगाला, ताटाएवढं. निळा होता."

"काय सांगतेस!" कॅप्टन धावत आला. "ताई, ढगात मला माझे बूट दिसत नाहीयेत!"

"तू कधी बुटांकडे बघतोस? कायम दुसऱ्याच्या तोंडात बघायची सवय तुला. एक जहाज होतं. मागे धुराची रेघ."

"जहाज!"

"छोटंसं. बाळ्या, माझ्यावर अविश्वास दाखवू नकोस. अजून मला तुझे पाढे आठवतात, सातापासून पुढचे."

कॅप्टननं तोंड उघडलं आणि मिटलं. दातांच्या डॉक्टरला ते दोन्ही चांगलं येत होतं.

उतरताना न राहवून हवालदारांनी विचारलं, "अगं, खरंच दिसला?"

बाईंनी डब्यातला उरलेला लाडू मोडला आणि अर्धा त्यांच्या तोंडात कोंबला, म्हणजे पुढचं विचारायची सोय राहू नये. तिसरा फाटा आला. तिथे कुणी नव्हतं. हवालदारांनी दोन्ही हात हँडलवर घट्ट धरले आणि लाडू चावत तो ओलांडला.

सोमवारी भंगारवाला आला. दार उघडंच होतं. बाई साइडकारमध्ये पाय वर घेऊन वर्तमानपत्र वाचत बसल्या होत्या आणि हवालदार गाडी पुसत होते.

"गाडी न्यायची होती ना, बाई?"

"कुठली गाडी?" बाई पान उलटत म्हणाल्या. "हा आमचा दिवाण आहे."